नेतृत्वाचं वर्ष आणि बाजारातलं कुलूप

पहिल्याच दिवशी आमच्या हातात एकेक पिवळा कागद दिला आणि सांगितलं, "यावर तुमच्या आयुष्यातला संघर्ष लिहा. दहा मिनिटं."

मी तेव्हा नाशकात सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करत होते. दुसरं वर्ष होतं. मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या कॉलेजात अल्पसंख्याक समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व विकासाचा वर्षभराचा कार्यक्रम सुरू केला होता. महिन्यातले दोन शनिवार वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि जमलं तर एखाद्या सरकारी कार्यालयात तीन महिने उमेदवारी. मला रस होता तो त्या उमेदवारीत. अर्जात धर्माच्या चौकटीत खूण केली आणि निवडली गेले. आम्ही नऊ जण होतो.

आता संघर्ष काय लिहायचा? अब्बा महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. अम्मी सायखेड्याची, तिच्या माहेरी अजून टोमॅटो-कांदा पिकतो. जुन्या नाशकात आमचं तीन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली पुस्तकांनी भरलेली. मी बराच वेळ पेन चावत बसले आणि शेवटी लिहिलं, 'कॉलेजला येणारी बस कधीच वेळेवर येत नाही.'

प्रशिक्षक मॅडम पुण्याहून यायच्या. स्वभावानं त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटेल. त्यांनी माझा कागद वाचला आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"थोडं आत जाऊन बघ ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिकायला घरातून विरोध झाला असेल."

"नाही झाला."

"लग्नाचा दबाव?"

"अब्बा म्हणतात, आधी नेट पास हो, मग बघू."

त्यांचा चेहरा पडला. मला खरंच अपराधी वाटलं, जणू माझ्यामुळे त्यांचा तास वाया गेला होता. मग त्यांनाच काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असणार. म्हणाल्या, "पण तुझं मराठी किती छान आहे गं! अगदी आमच्यासारखं."

मागच्या बाकावर माझी एक मैत्रीण बसली होती. ती शरणपूरकडची ख्रिश्चन, पणजोबांच्याही आधीपासून घराणं नाशकातलंच. तिला मॅडमनी त्याच तासाला विचारलं, "तुम्ही मूळच्या गोव्याच्या का?" ती म्हणाली, "नाही, आम्ही मूळचे शरणपूर रोडचे." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण त्यांच्या वहीत त्यांनी काय लिहून घेतलं देव जाणे, कारण पुढच्या शनिवारी त्यांनी तिला पुन्हा गोव्याबद्दल विचारलं.

पहिले चार महिने हे असंच चाललं. डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या हाताला धरून चालायचं. वर्तमानपत्राचे कागद गुंडाळून मनोरा उभा करायचा आणि ज्याचा उंच तो नेता. दोन मिनिटांत स्वतःची ओळख अशी करून द्यायची की समोरचा मंत्री असला तरी थांबून ऐकेल. अर्थसंकल्प कसा वाचायचा, ठराव कसा मांडायचा, माहिती कुणाकडून कशी मागायची, यातलं एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते टेक्निकल झालं. आपण इथे माणूस घडवतोय." मी घरी जाऊन अब्बांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "माणूस तर तुझ्या अम्मीनं घडवलाय. तो शनिवार तू लायब्ररीत का नाही काढत?"

पाचव्या महिन्यात प्रकल्प आला. तीन-तीन जणांचे गट करायचे, लोकांची एक अडचण शोधायची आणि ती सोडवून दाखवायची. आमच्या गटात मी, शरणपूरची मैत्रीण आणि ओझरचा एक बौद्ध मित्र. त्याचे वडील विमानांच्या कारखान्यात होते आणि थोरली बहीण पश्चिमेकडच्या डोंगरपट्टीत आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. तीच म्हणाली होती, की आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बायका लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. दर आठवड्याला येतात, ती गोळ्या देते, त्या जातात, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.

मॅडमना आम्ही हा विषय सांगितला. त्या म्हणाल्या, "पण यात तुमच्या कम्युनिटीचं काय? तू तुझ्या भागातल्या मुस्लिम मुलींच्या शिक्षणावर कर ना. तो तुझा जगलेला अनुभव आहे."

"माझ्या गल्लीतल्या मुली शिकतायत, मॅडम. तीन तर इंजिनिअर आहेत."

त्यांनी खांदे उडवले आणि सही केली.

ते बाजाराचं गाव हरसूलच्या रस्त्याला आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथेच आहेत. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो. बाजार नुकता भरत होता. नागली, वरई, उडीद, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या. डोंगरातल्या पाड्यांवरून बायका पहाटेच निघून डोक्यावर पाट्या घेऊन आल्या होत्या. एका बाईजवळ मी बसले. नागलीची दोन पोती तिच्यासमोर मांडलेली, वय पन्नाशीचं, बोलणं तुटक. मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी देऊ केलं. तिनं हातानंच नको म्हटलं.

"सकाळपासून काही प्यायला नाहीत का, मावशी?"

"पाणी प्यालं का जावं लागतं. मंग पेयाचंच नाय."

"दिवसभर?"

"घरी जाईस्तोवर."

मी मात्र बाटलीभर पाणी पिऊन बसले होते. बारा वाजता मलाच राहवेना. बाजाराच्या टोकाला एक नवीन स्वच्छतागृह दिसत होतं. गुलाबी भिंती, दारावर बाईचं चित्र, बाजूला उद्घाटनाची काळी फरशी. मी तिकडे गेले, तर दाराला हाताच्या पंजाएवढं कुलूप. परत आले. मावशीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, शेजारणीला पोत्यांवर नजर ठेवायला सांगितली आणि माझा हात धरून मला त्याच गुलाबी इमारतीच्या मागे नेलं. तिथे एका घराच्या परसात, एरंडाच्या झुडपांआड, तिनं स्वतःचा पदर पसरून माझ्यासाठी आडोसा केला. कुणी तरी घरातून शिव्या देत होतं. भिंतीच्या पलीकडे, माझ्यापासून एका हातावर, पाच संडास कुलूपबंद होते. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा संताप जास्त आला. मी दोन वर्षं ज्या विषयाची पुस्तकं वाचत होते तो विषय म्हणजे ही भिंत होती.

मग चावीचा शोध सुरू झाला.

ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणाला, चावी भाऊसाहेबांकडे. ग्रामसेवकाला तिकडे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांकडे चार गावं, त्यामुळे ते त्या दिवशी दुसऱ्या गावाला. पुढच्या आठवड्यात भेटले. सभ्य माणूस, आम्हाला चहा पाजला. म्हणाले, "ताई, इमारत अजून आमच्या ताब्यातच नाही. ठेकेदारानं हस्तांतरण केलेलं नाही. कुलूप त्याचं." ठेकेदार त्र्यंबक रोडला राहायचा. त्याच्याकडे गेलो तर त्यानं फाइल उघडून पत्र दाखवलं, काम पूर्ण झाल्याचं, पोच घेतलेलं. "शेवटचं मोजमाप साहेबांनी करायचंय. ते झाल्याशिवाय मी चावी देऊ कशी? उद्या काही तुटलं तर माझ्या नावावर." मोजमाप करणाऱ्या साहेबांनी सांगितलं, नळजोडणी झाल्याशिवाय मोजमाप पूर्ण होत नाही आणि नळजोडणी या कामात धरलेलीच नाही. ती ग्रामपंचायतीनं करायची. आम्ही परत भाऊसाहेबांकडे. ते म्हणाले, "ताब्यात नसलेल्या इमारतीला मी नळ कसा देऊ?"

यात दोन महिने गेले. कुणी खोटं बोलत नव्हतं. कुणी आम्हाला हाकलून दिलं नाही. प्रत्येकाकडे एक कागद होता आणि त्या कागदाप्रमाणे तो बरोबर होता. एखादा बदमाश निघाला असता तर निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं.

मधल्या आढाव्याला आम्ही हे सगळं मांडलं. मॅडमबरोबर मुंबईचे एक सर आले होते. त्यांनी विचारलं, "यात इनोव्हेशन काय?"

"कुलूप उघडायचं," मी म्हणाले.

सर हसले. "ते ठीक आहे, पण याला स्केल कसं करणार? एखादं ॲप विचारात घ्या. महिलांना जवळचं स्वच्छतागृह शोधता येईल."

ओझरचा मित्र शांत स्वभावाचा, पण त्या दिवशी तो बोलला. "सर, स्वच्छतागृह त्यांच्यापासून वीस पावलांवर आहे. ते त्यांना सापडलेलं आहे."

त्याच दिवशी चित्रीकरण होतं. संस्थेला आमच्या बदलाच्या प्रवासाची फिल्म करायची होती. कॅमेरावाल्यानं मला खिडकीजवळ उभं केलं आणि म्हणाला, "मॅडम, ओढणी जरा डोक्यावर घ्याल का? म्हणजे ओळख दिसेल." मी कधी डोक्यावर ओढणी घेऊन कॉलेजला गेलेली नाही. अम्मी घेते, मी नाही घेत, आणि त्यावरून आमच्या घरात कधी वाद झालेला नाही. मला नाही म्हणायचं होतं. पण मागे रांग होती, सगळे बघत होते, मी दमले होते. मी ओढणी घेतली. हसलेसुद्धा. शरणपूरच्या मैत्रिणीला त्यानं विचारलं, गळ्यात क्रॉस आहे का? ती म्हणाली, "आहे, पण तो माझा आहे," आणि टी-शर्टच्या आत सरकवला. मला तेव्हा तसं का सुचलं नाही, याचा राग आजही येतो.

त्या संध्याकाळी मी अब्बांसमोर बसून अर्ज लिहिला. 'अत्यंत दयनीय', 'लांच्छनास्पद' असे शब्द मी घातले होते. अब्बांनी लाल पेनानं सगळे खोडले. "अर्जात विशेषण घातलं की वाचणारा विशेषणाशी भांडतो. काय हवंय ते एका वाक्यात लिही." मग एकच मागणी ठेवली: ग्रामसेवक, ठेकेदार आणि मोजमापाचे साहेब या तिघांनी एकाच दिवशी, एकाच जागी येऊन पाहणी करावी. ही मागणी ग्रामसभेत ठराव म्हणून यावी, असा सल्ला भाऊसाहेबांनीच दिला. "माझ्या पत्रावर कुणी येत नाही, ताई. ठरावावर यावं लागतं."

आम्ही खूश होऊन मावशीकडे गेलो. ग्रामसभेत तुम्ही बोला, म्हटलं. तिनं आमच्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

"मी कशी बोलू? माझा पाडा दुसऱ्या पंचायतीत हाय. हिथं माझं मत नाय."

बाजारात बसणाऱ्या बहुतेक बायका बाहेरच्या पाड्यांवरच्या. ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यातल्या जवळजवळ कुणालाच त्या गावात बोलायचा हक्क नव्हता. आणि ज्यांना हक्क होता त्यांच्या घरी संडास होते. दोन महिने खेटे घातले आणि ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

मैत्रीणच म्हणाली, "त्या दिवशी शिव्या कोण देत होतं?"

स्वच्छतागृहामागच्या त्या घरात एक विधवा बाई राहायची. आम्ही तिच्या दारात गेलो तेव्हा ती परसात राख टाकत होती. आम्ही कोण, हे सांगायच्या आतच तिनं सुरुवात केली. "दर बाजाराला अख्खा बाजार माझ्या परसात बसतो. मी भाजी लावायची कुठं? मिरच्या लावल्या तर त्यातबी. मी हाकलते तर म्हणतात, बाई असून समजत नाय. मला समजतं, पण रोज कितीदा समजून घेऊ?"

"हे ग्रामसभेत बोलाल का, काकू?"

"बोलीन की. कोण ऐकतंय ते दाखवा."

ग्रामसभेला आम्ही मागे उभे होतो. आम्हाला बोलायचा अधिकार नव्हता आणि त्याबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं. आधी रस्ता, मग घरकुलाची यादी, मग एक लांबलचक भांडण. दीड तास काकू हात वर करून बसल्या. शेवटी त्या उभ्याच राहिल्या.

"ते गुलाबी घर उघडा, नायतर माझ्या परसाला तरी पंचायतीचा बोर्ड लावा. वापर तर पंचायतच करतीय."

हशा पिकला. सरपंच स्वतः बाई होत्या, त्याही हसल्या, पण काकू हसत नव्हत्या. "हसू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली कुणी बाजाराच्या दिवशी माझ्या परसात येऊन उभी राहा. एकदा." मग कुणी हसलं नाही. भाऊसाहेबांनी खाली मान घालून ठराव लिहायला घेतला. सूचक काकू. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर तिघींनी हात वर केले.

पाहणीचा दिवस ठरला, पुढे ढकलला, पुन्हा ठरला. शेवटी तिघंही आले. ठेकेदारानं खिसे चाचपले, गाडीत शोधलं, माणसाला फोन केला. चावी हरवली होती. कधी हरवली ते त्यालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे चार महिने आम्ही जिच्यामागे फिरलो ती चावी कुणाकडेच नव्हती. मोजमापाचे साहेब म्हणाले, "फोडा." लोहाराला बोलावलं. आत सिमेंटची उरलेली पोती दगडासारखी झाली होती आणि एका संडासात कुत्रीनं पिल्लं घातली होती, ती कुठून शिरली कुणास ठाऊक. मोजमाप झालं, कागदावर तिघांच्या सह्या झाल्या. नळ लगेच आला नाहीच. तोवर बाजाराच्या दिवशी टँकरमधून दोन पिंपं भरून ठेवायची, असं ठरलं, आणि नवी चावी काकूंनी मागून घेतली. "माझं परस वाचणार असेल तर मीच उघडीन आन मीच धुईन," त्या म्हणाल्या. पंचायतीनं त्यांना त्या कामावर लावून घेतलं.

समारोप नाशकात एका सभागृहात झाला. मी मॅडमना आधीच फोन करून विचारलं होतं, की आमच्या सादरीकरणाच्या वेळी काकूंना मंचावर बोलावता येईल का.

"त्या कोणत्या समाजाच्या?"

मी सांगितलं.

"अगं, मग त्या आपल्या लाभार्थींत बसत नाहीत. रिपोर्टमध्ये दाखवता येणार नाही."

"त्यांनीच उघडलं, मॅडम. आम्ही नुसते मागे उभे होतो."

"असं स्वतःला कमी लेखू नकोस. हाच तर तुमचा प्रॉब्लेम आहे," त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

पहिलं बक्षीस दुसऱ्या एका गटाच्या ॲपला मिळालं. आमची फिल्म दाखवली, त्यात मी खिडकीजवळ ओढणी घेऊन हसत होते आणि खाली अक्षरं होती, 'मौनाकडून नेतृत्वाकडे'. अब्बा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "मौन? तू?" पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. मला त्या अख्ख्या दिवसात तेवढंच एक हसू आलं.

मॅडमचा राग धरला, असं मात्र नाही. प्रमाणपत्र देताना त्यांनी मला मिठी मारली आणि त्यांचे डोळे भरून आले होते. उमेदवारीसाठी माझं नाव त्यांनीच पुढे पाठवलं आणि ती मला मिळालीही. आता मी एका कार्यालयात टिपणं तयार करते. पुष्कळदा चिडते. चिडण्याचा उपयोग कसा करायचा हे मी ग्रामसभेत पाहिलं, वर्गात नाही, पण हे मी मॅडमना कधी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

मागच्या महिन्यात बाजाराला गेले होते. मावशी भेटल्या नाहीत, पुतण्याचं लग्न होतं म्हणे. पाचातले तीन संडास चालू होते, उरलेल्या दोनांच्या कड्या तुटलेल्या. नळ आला होता पण पाणी दिवसाआड. काकू दारातच होत्या. मला पाहून ना या, ना बसा.

"बरं झालं आलीस. गटाराचं लिही."

"कसलं गटार, काकू?"

"सगळं पाणी माझ्या दारात तुंबतं. मी बोलते, तू लिही. माझं अक्षर भाऊसाहेबाला लागत नाय."

मी म्हटलं, मला पाचची गाडी आहे. त्या म्हणाल्या, गाड्या लय येतात. मी त्यांच्या ओट्यावर बसून वही उघडली. त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात. एकेक वाक्य मी दोनदा विचारून लिहीत होते, त्या चिडत होत्या, मीही चिडत होते. पाचची गाडी समोरून गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.